टाय न घालणाऱ्या बापांसाठी

जूनमध्ये शाळा भरल्या की आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर घोटीव कागदाचे शर्ट यायला लागतात. कागद दोन्ही बाजूंनी मध्ये दुमडायचा, वरची टोकं फिरवून कॉलर काढायची, मधोमध लाल नाहीतर निळा टाय चिकटवायचा, आत 'माय डॅड माय हिरो' लिहायचं आणि सगळ्या वर्गाच्या हातात तो शर्ट देऊन फोटो काढायचा. खाली मजकूर : फादर्स डे उपक्रम. मी या प्रकाराच्या विरोधात होते आणि ते कधी लपवलंही नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत उभं राहून मी म्हटलं होतं, की प्राथमिक शाळेत मुलांकडून बापासाठी भेटवस्तू करून घेणं बंद करा. आज माझ्याच वर्गातली मुलं दरवर्षी वडिलांसाठी हातानं काहीतरी करतात, आणि ते मी करून घेते. "बाई, तुमच्या त्या भाषणाचं काय झालं?" असं सहकारी विचारतात. विचारणारच. त्यांना चहाच्या वेळात देता आलं नाही ते उत्तर इथे देते.

मी सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. हा सगळा दुष्काळी पट्टा. टेंभू योजनेचं पाणी आता आलंय, पण त्याच्या कितीतरी आधी इथल्या माणसांनी पोटासाठी एक निराळी वाट धरली, ती गलाईची. जुनं सोनं-चांदी आटवायचं, शुद्ध करून द्यायचं. तमिळनाडू, केरळ, उत्तर प्रदेश, पंजाब, जिथे म्हणून सराफ बाजार आहे तिथल्या एखाद्या बोळात विटा-आटपाडीकडचा माणूस भट्टीपुढे बसलेला असतो. गावात त्याचं घर असतं, घरात म्हातारी माणसं असतात, कित्येकदा बायको-मुलंही इथेच असतात. तो मात्र दिवाळीला येतो, गावच्या यात्रेला येतो, कोणाचं लग्न किंवा मयत असेल तर येतो. काहीजण बायको-मुलांना घेऊन जातात, मग मुलगा तिकडची भाषा शिकतो आणि आजारपणात किंवा धंद्यात खोट आली की मधेच आमच्या वर्गात येऊन बसतो.

अशा वर्गात जूनच्या तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी "तुमच्या पप्पांसाठी कार्ड करा" म्हणायचं कसं? कोणाचे पप्पा हजार किलोमीटरवर. कोणाचे गेलेले. एखाद्याचे घर सोडून गेलेले, कुठे आहेत ते आईलाही माहीत नाही. एखाद्याचे घरातच असतात, पण नसते तर बरं, असं मुलालाच वाटावं असे. शिवाय जूनमध्ये वर्ग नवा असतो. कुठल्या घरात काय चाललंय ते मलाच धड कळलेलं नसतं, आणि मी नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचं. त्यापेक्षा नकोच, हे माझं पहिलं कारण.

दुसरं कारण आयांचं. 'घरून करून आणा' म्हटलं की रात्री दहाला भांडी घासून झाल्यावर आई फेविकॉल घेऊन बसते. मूल झोपलेलं असतं. सकाळी वर्गात आलेल्या वस्तूवर चमकी कशी एकसारखी बसलीय, अक्षर कसं वळणदार आहे, ते बघितलं की कोणाचा हात आहे ते लगेच कळतं. बापाला मुलाची भेट म्हणून बायकोच्या हातची वस्तू मिळायची, आणि त्या बाईनं मधल्यामध्ये कार्डशीट, चमकी, रिबीन यांचे पैसे मोजलेले असायचे.

तिसरं कारण टाय. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाच्या वडिलांना मी टाय घातलेला बघितलेला नाही. लग्नात फेटा बांधतील, टाय नाही. मग हा टाय आला कुठून? फादर्स डे मुळात अमेरिकेतला. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरात सोनोरा स्मार्ट डॉड नावाच्या बाईंनी तो सुरू करायला लावला. त्यांची आई बाळंतपणात गेली आणि बापानं सहा लेकरं एकट्यानं वाढवली. बाईंना वाटलं, आईचा दिवस असतो तर अशा बापाचाही असावा. १९ जून १९१० ला तिथे तो पहिल्यांदा साजरा झाला. पुढे १९३० च्या दशकात पुरुषांचे कपडे विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी तो उचलून धरला, कारण टाय आणि शर्ट खपवायला त्याच्यापेक्षा बरा मुहूर्त कुठला मिळणार! तिथल्या दुकानातला टाय भेटकार्डावर चढला, भेटकार्डावरून मोबाइलवर उतरला आणि मोबाइलवरून आमच्या चौथीच्या वर्गात आला. हा दिवस अमेरिकेत कायद्यानं कायमचा ठरला तो १९७२ साली, निक्सन यांच्या सहीनं. १९७२ म्हटलं की आमच्याकडे दुसरीच आठवण निघते. त्या वर्षीच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं अजून गावात आहेत.

ही तिन्ही कारणं मला आजही पटतात. तेव्हा त्यांच्या पाठीशी माझं शिक्षणही होतं. आम्हाला डी.एड.ला कार्यानुभव शिकवला तो कोठारी आयोगाचा, म्हणजे १९६४-६६ च्या अहवालाचा हवाला देऊन, आणि त्याच्याही मागे जाऊन १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेचा, गांधीजींच्या नयी तालीमचा. मुलानं हातानं केलेली वस्तू कोणाच्या तरी उपयोगाला आली पाहिजे, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलेलं. कागदाचा शर्ट कोण घालणार?

माझं मत हललं ते कुठल्या लेखानं किंवा प्रशिक्षणानं नाही. एका आज्जीनं हलवलं.

त्या वर्षी शेजारच्या वर्गाच्या सरांनी दोन्ही वर्ग एकत्र बसवून कार्डं करून घ्यायचं ठरवलं. नवीन शिक्षक, उत्साही, मी फार अडवलं नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिचे वडील आदल्या वर्षी अपघातात गेले होते. तिला मी त्या तासाला वाचनालयाची पुस्तकं लावायला बोलावलं. आनंदानं आली, पुस्तकं लावली, संपलं. मला वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची आज्जी शाळेत. डोक्यावर पदर, हातात नातीचा डबा. डबा हे निमित्त होतं. म्हणाली, "बाई, सगळ्या पोरांनी बापासाठी कागूद केला म्हणं. आमच्या पोरीला का उठवली?"

मी सांगायचा प्रयत्न केला, की तिला वाईट वाटू नये म्हणून. आज्जीनं मला पुरतं बोलूही दिलं नाही.

"भादव्यात आमी म्हाळ घालतो न्हवं? त्याच्या नावानं पान वाढतो. त्याला आवडायची म्हणून वांग्याची भाजी करतो. गेलेल्याला जेवाय घालतो दर साली, आन् पोरीनं त्याच्या नावानं एक कागूद केला तर तुमाला वंगाळ वाटतंय?"

मला यावर उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही. आमच्याकडे आईसाठी श्रावणातल्या पिठोरी अमावास्येला मातृदिन असतो, गेलेल्या बापासाठी अख्खा पंधरवडा असतो. त्या पंधरवड्यात घरातलं लहान पोरही बघत असतं, की आजोबांना अमुक आवडायचं म्हणून आज ते केलंय. म्हणजे जो समोर नाही त्याच्या आवडीची आठवण ठेवायची, त्याच्यासाठी हातानं काहीतरी करायचं, ही गोष्ट या मुलांना माझ्याआधी घरानं शिकवलेली होती. 'बाप नसलेल्या मुलाला हे झेपणार नाही' हे मी ठरवलेलं होतं, त्यांच्या घरांनी नाही. नंतर वाचताना कळलं, की स्पोकेनमध्येही सुरुवातीला गुलाब लावायची चाल होती : वडील हयात असतील तर लाल, नसतील तर पांढरा. गेलेल्या बापाला तिथेही जागा होती. कार्डं छापणाऱ्यांनी तेवढा पांढरा गुलाब गाळला.

त्या मुलीनं मग माझ्याकडून कागद मागून घेतला आणि टायऐवजी मोटारसायकल काढली. कार्डाचं पुढे काय झालं, ते मी विचारलं नाही.

पण एवढ्यानं मी लगेच टाळ्या वाजवायला लागले असं नाही. कार्ड मला तेव्हाही पसंत नव्हतं आणि आजही नाही. आज्जीनं माझं पहिलं कारण काढून घेतलं, बाकीची दोन माझ्याकडेच होती. म्हणून मी ठरवलं, करायचंच तर आपल्या पद्धतीनं करून बघू. जून सोडून दिला. आमचे बाप जूनमध्ये नसतातच, ते येतात दिवाळीला. पहिल्या सत्राच्या शेवटच्या आठवड्यात एरवीही शाळेत पणत्या रंगवणं, आकाशकंदील करणं चालतं. पुढे पाडव्याला बऱ्याच घरांत लेकी वडिलांना ओवाळतात आणि वडील ताटात ओवाळणी घालतात. म्हणजे देण्याघेण्याचा दिवस तयारच होता, फक्त घेणं सगळं मुलांकडे होतं. मी म्हटलं, यंदा ताटात तुमच्याकडूनही काहीतरी पडू दे. मुलगे म्हणाले, "आम्ही कुठं ओवाळतो?" त्यांना म्हटलं, नुसतं हातात द्या.

नियम दोन. सगळं शाळेतच करायचं, घरी न्यायचं नाही. आणि मी नमुना देणार नाही.

दुसरा नियम मुलांना फार जड गेला. फळ्यावर काढून दिल्याशिवाय काही करायची सवयच नाही. "बाई, काय करू?" याला मी एकच उत्तर द्यायचे : पप्पांना विचार. काय आवडतं ते विचारू नको, त्याला ते 'काही नको, तू अभ्यास कर' म्हणतील. सकाळी उठल्यावर पहिलं काय करता, दिवसभर हाताला काय काय लागतं, काय हरवतं, काय टोचतं, काय सांडतं, ते विचार. ज्यांना वडील नाहीत त्यांनी आईला, आज्जीला, चुलत्याला त्यांच्याबद्दल विचारायचं, किंवा हवं तर ज्यांच्याकडे ती जागा आहे अशा दुसऱ्या माणसाला धरायचं. कोणाला धरायचं ते मी सांगणार नाही.

आमच्याकडच्या पोरांचं वडिलांशी फोनवर बोलणं कसं असतं ते ज्याला माहीत आहे त्यालाच यातली अडचण कळेल. जेवलास का. शाळेत गेलतास का. मस्ती करू नको. मम्मीकडं दे. संपलं. त्यात "पप्पा, तुमच्या हाताला दिवसभर काय लागतं?" हा प्रश्न बसवायचा. एका वडिलांनी तर काळजीनं मलाच फोन केला, की पोरगं असं का विचारतंय, शाळेत कोणी काही बोललं का?

एक मुलगा सोमवारी आला तो सरळ माझ्या टेबलापाशी. "बाई, आमच्या पप्पांची बोटं पिवळी हायत." त्याला ते माहीत होतं, दर दिवाळीला बघितलेलं होतं, पण का, हे त्यानं पहिल्यांदा विचारलं होतं. गलाईत सोन्यातली चांदी आणि तांबं विरघळवून काढायला नायट्रिक ॲसिड वापरतात, त्यांच्या भाषेत तेजाब. ते कातडीला लागलं की कातडी पिवळी पडते आणि धुऊन जात नाही, ती कातडी झडेपर्यंत डाग राहतो. मुलानं ठरवून टाकलं होतं, की पप्पांना हातमोजे शिवायचे.

इथे मला नाही म्हणावं लागलं. कापडाचा हातमोजा ॲसिड शोषून घेतो आणि हाताशी धरून ठेवतो, म्हणजे उघड्या हातापेक्षा वाईट. भट्टीजवळ तर नकोच नको. मी समजावलं, तो फुरंगटून बसला. बाकीची मुलं कामाला लागली, हा दोन दिवस नुसता कात्रीनं कागदाच्या पट्ट्या कापत होता. मग पुन्हा फोन झाला असावा, आणि या वेळी वडिलांनी व्हिडिओ लावून फोन उलटा फिरवला. पोराला दुकान दाखवलं. दुकान म्हणजे एक खोली. भट्टी, तिच्यात लालबुंद झालेली मूस, ती उचलायचा लांब चिमटा, बाजूला पाण्याची बादली, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेलं अंथरूण. मुलगा चौथीत होता आणि वडील त्याच्या जन्माच्या आधीपासून तिथे होते. इतक्या वर्षांत वडील कुठे बसतात, कुठे झोपतात, हे त्यानं पाहिलंच नव्हतं. त्याला कोणी दाखवलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो वर्गाला सांगत होता, मूस उचलताना दोन्ही हात गुंतलेले असतात, डोळ्यात घाम जातो, मग पप्पा मान वाकडी करून खांद्याला डोळा पुसतात. ते त्यानं करूनही दाखवलं. आणि मग म्हणाला, गळ्यात बांधायचा रुमाल करतो. मी काही सुचवलं नव्हतं.

कापड कुठलं घ्यायचं यावर आमची चर्चा झाली. दुकानातलं नवं कापड घाम टिपत नाही. टेरिकॉटचा तर प्रश्नच नाही, आगीजवळ तो अंगाला चिकटतो. शेवटी त्याच्या आजोबांचं जुनं धोतर आणलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. एक हात लांब, एक हात रुंद तुकडा. चारी कडा दुमडून धावदोरा घालायचा होता. सुईत दोरा ओवायलाच त्याला अर्धा तास लागला, थुंकी लावून, डोळा बारीक करून, जीभ बाहेर काढून. पहिली बाजू पुरी झाल्यावर विजयी मुद्रेनं उठला, तर रुमाल उठेना. मांडीवर ठेवून शिवल्यामुळे चड्डीसकट शिवला होता. उसवून पुन्हा. दोरा लाल, कारण माझ्या डब्यात तोच जास्त होता. टाके कुठे तांदळाएवढे, कुठे करंगळीएवढे.

शिवण शिकवताना मी एरवी टाक्यांवर फार कडक असते. वाकडा टाका दिसला की उसव म्हणते. त्या दिवशी ते मला जमलं नाही, आणि मायेनं विरघळले म्हणूनही नाही. मी बघत होते, की हे पोर एकेका टाक्याला ओढून बघतंय, सुटतो का. 'पप्पा पिळतील ना बाई, घामाचा.' मुलाला आपली वस्तू कोण, कशी वापरणार ते डोळ्यापुढे दिसत होतं. वर्ध्याची परिषद आणि कोठारी आयोग यांच्या नावानं मी जे इतकी वर्षं सांगत आले, ते या पोरानं बापाच्या निमित्तानं आपोआप केलं. मी पायपुसणी करून घ्यायचे, टेबलक्लॉथ करून घ्यायचे. कोणाचे पाय, कोणाचं टेबल, हे कोणालाच माहीत नसायचं. वस्तू उपयोगी व्हायची. पण त्या मुलांच्या डोक्यात ती वापरणारं माणूसच नव्हतं.

भेटवस्तू मुलाकडून बापाकडे जाते, एवढंच मी धरून चालले होते. त्या व्हिडिओ कॉलमध्ये बापाचं सगळं दुकान पोराकडे आलं. रुमाल कसा झाला, याला मी त्यामुळे फार महत्त्व देत नाही. त्यासाठी वडिलांना विचारावं लागलं, याला देते.

दिवाळीत वडील आले, रुमाल घेऊन गेले. जानेवारीत मुलगा पुन्हा टेबलापाशी. "बाई, पप्पा म्हणत्यात गाठ बसत न्हाई, आखूड झालाय." मला इतका आनंद झाला की काय सांगू. 'छान आहे बेटा' म्हणून कपाटात ठेवणारा बाप निराळा आणि आखूड झालाय म्हणून कळवणारा निराळा. मग आम्ही माझ्या गळ्याभोवती सुतळी धरून, गाठीसाठी वीतभर जास्त सोडून नवं माप काढलं. धोतर शिल्लक होतं.

बाकीच्यांनी केलेल्या गोष्टी थोडक्यात सांगते. एका मुलीनं आजोबांसाठी पांढरी टोपी केली. डोक्याचा घेर मोजायला गेली तर आजोबांनी तीन वेळा वेगवेगळा मोजायला लावला, कारण त्यांना गुदगुल्या होत होत्या. एकानं वडिलांच्या किल्ल्यांना मोठा लाल गोंडा केला, दुकानात किल्ली सापडत नाही म्हणून. एका मुलानं शेंगदाण्याची चटणी केली. शाळेत खलबत्ता आणला, शेंगा सोलल्या, दाणे भाजायला तेवढी पोषण आहाराच्या मावशींनी मदत केली, लसूण-तिखट-मीठ घालून दोन मधल्या सुट्ट्या कुटत बसला. पूर्वी मी 'ही हस्तकला नव्हे' म्हणून त्याला बाजूला केलं असतं. वडिलांना तिकडचं जेवण सपक लागतं, हे त्यानं शोधून काढलेलं होतं. डब्यावर चिठ्ठी लावली : 'रोज एक चमचा. जास्त नको. यात्रेपर्यंत पुरवा.' ही भेट खाऊन संपते, धूळ खात पडत नाही, म्हणून मला ती सगळ्यांत जास्त पटली.

आणि तिकिटं. जपानमध्ये मुलं वडिलांना खांदे थोपटून देण्याची तिकिटं हातानं करून देतात, काता-तताकी-केन म्हणतात त्यांना. वडिलांनी तिकीट द्यायचं, मुलानं खांद्यावर हलक्या मुठी मारून द्यायच्या. हे मी वर्गात सांगितलं तर पोरं म्हणाली, यात काय, आम्ही तर पाठीवर चालतो. प्रवास करून आलेला बाप पालथा पडतो आणि पोरगं पाठीवर उभं राहून तुडवतं, हे आमच्याकडे घरोघर आहे. तर तिकिटं झाली पाठ तुडवायची. एकानं लिहिलं, 'एका तिकिटाला शंभर पावलं, कमरेवर जादा दहा.' त्याच्या वडिलांनी सगळी तिकिटं पहिल्याच संध्याकाळी काढली, असं तो तक्रारीच्या सुरात सांगत होता.

सगळंच असं गोड झालं नाही. एका रुमालानं वडिलांनी दुसऱ्या दिवशी मोटारसायकल पुसली. मुलगी रडत आली. मी तिला सांगितलं, पुसायलाच केलाय, पुसू दे. तिला पटलं नाही. दुसऱ्या एका घरात टोपी देव्हाऱ्यात नेऊन ठेवली, कोणी घालतच नाही, आणि त्याचा मला या मोटारसायकलपेक्षा जास्त राग आला. आयांचा हात मधे येऊ द्यायचा नाही हा माझा नियम होता, तोही हळूहळू ढिला झाला. दाणे मावशींनी भाजले, टोपीची घडी आजोबांनीच शिकवली. मोठ्यांनी मूल झोपल्यावर करणं वेगळं आणि मूल शेजारी बसवून करणं वेगळं, एवढा फरक मी आता करते.

आणि एक मुलगा दरवर्षी असतोच, जो काही करत नाही. त्याला विचारायचं नसतं, सांगायचं नसतं. तो शेवटच्या बाकावर आपलं गणित घेऊन बसतो. आज्जीचा म्हाळाचा मुद्दा त्याला लागू नाही, कारण त्याचा बाप जिवंत आहे आणि तोच अडचणीचा आहे. त्याच्यासाठी माझं जुनं मत मी तसंच राखून ठेवलंय. त्याला कोणी 'तू का नाही करत?' विचारलं तर मी आवाज चढवते. आकाशकंदिलाच्या कामट्या तासायला तो सगळ्यांत हुशार असतो, त्या त्याच्याकडे देते.

मुख्याध्यापकांना हा सगळा प्रकार आवडतो, फक्त मी फोटो काढू देत नाही याची त्यांना खंत आहे. सगळ्या वर्गाचा एकत्र फोटो काढायचा तर शेवटच्या बाकावरचा त्यात मोकळ्या हातानं दिसणार. शिवाय एकासारखं एक काही नसतं, चटणीचा डबा आणि गोंडा आणि तिकिटं, फोटोत काही उठावदार दिसत नाही. उपक्रमाच्या वहीत मी 'कार्यानुभव : शिवण, धावदोरा, मापन' एवढंच लिहिते. सर म्हणतात, "बाई, जूनमध्येच एक कार्ड करून घ्या ना, निदान फाइलला लागेल." मी म्हणते, शेजारच्या वर्गाचं लावा. तिकडे टायवाले शर्ट अजून होतात.